मेली की दबली? : कीडमारक जिवाणूंच्या एका प्रश्नाचा इतिहास

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षातली गोष्ट. मेणपतंगाच्या तीस अळ्यांना मी फोटोरॅब्डस नावाच्या जिवाणूचं इंजेक्शन दिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये आलो तर जवळपास सगळ्या मेलेल्या, अंग लालसर पडलेलं. लॅबचे दिवे घालवले आणि डोळे अंधाराला सरावले, तेव्हा त्या मेलेल्या अळ्या फिकट हिरवट चमकत होत्या. या जिवाणूची ती खासियत. मी खूश. प्रोग्रेस रिपोर्टमध्ये लिहून टाकलं, ‘जिवाणूने अळीची प्रतिकारशक्ती दाबल्याने अळी मेली.’

गाईड मॅडमनी वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढली आणि विचारलं, “मेली हे दिसतंय. दबली हे कुठं दिसतंय?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे दोन-तीन महिने मी प्रयोग कमी केले आणि जुने पेपर जास्त वाचले. तेव्हा कळलं की मॅडमचा प्रश्न नवा नव्हताच. या विषयातल्या लोकांनी कित्येक दशकं हाच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेनं सोडवला आहे. आजचा लेख त्या प्रवासाबद्दल. जे नेट-सेटचा अभ्यास करताहेत किंवा पीएच.डी.साठी सिनॉप्सिस लिहिताहेत, त्यांना यातून विषयाबरोबर ‘पुरावा’ म्हणजे काय हेही थोडं कळेल, असं वाटतं.

आधी अळीकडे काय आहे ते पाहू

बऱ्याच जणांना वाटतं की कीटकांना प्रतिकारशक्ती नसतेच. आपल्यासारखी अँटिबॉडी त्यांच्याकडे नसते हे खरं. पण एवढ्या जंतूंनी भरलेल्या जगात त्यांनी कोट्यवधी वर्षं काढली, ती काही नशिबावर नाही.

ढोबळमानानं अळीकडे तीन हत्यारं असतात. पहिलं म्हणजे तिच्या रक्तातल्या पेशी. (कीटकाच्या रक्ताला हिमोलिम्फ म्हणतात. ते आपल्यासारखं नळ्यांतून फिरत नाही, शरीराच्या पोकळीत मोकळं असतं.) या पेशी जिवाणूला गिळतात. जिवाणू संख्येनं जास्त असतील तर बऱ्याच पेशी एकत्र येऊन त्यांच्याभोवती गाठ बांधतात. दुसरं हत्यार फिनॉलऑक्सिडेज हे एन्झाइम. कापलेलं वांगं काळं पडतं, साधारण त्याच जातीची ही रसायनक्रिया. यातून मेलॅनिन तयार होतं आणि जिवाणूंची गाठ काळी, कडक होऊन बंद पडते. तिसरं हत्यार म्हणजे जिवाणूंना मारणारी छोटी प्रथिनं. ही संसर्ग झाल्यावर काही तासांत तयार होऊ लागतात.

पेशी जंतूंना गिळतात ही कल्पना एली मेचनिकॉफची. १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना इथं त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभात काटा टोचला आणि त्याभोवती पेशी गोळा होताना पाहिल्या. पुढे १९०८ चं नोबेल त्यांना मिळालं. त्याआधी, १८७९ च्या सुमारास, हेच मेचनिकॉफ ओडेसा भागात गव्हावरच्या भुंगेऱ्याला बुरशीनं मारता येईल का, हे तपासत होते. म्हणजे प्रतिकारशक्ती आणि जैविक कीडनियंत्रण हे दोन विषय एका माणसाच्या आयुष्यात आधीच शेजारी होते. ते खऱ्या अर्थानं एकमेकांना भेटायला मात्र जवळपास शंभर वर्षं लागली.

गोल्फच्या मैदानावरचा सूत्रकृमी

आता अमेरिकेत जाऊ. जपानी भुंगेरा ही कीड १९१६ मध्ये न्यू जर्सीत पहिल्यांदा सापडली आणि झपाट्यानं पसरली. तिच्या अळ्या जमिनीत राहून गवताची मुळं खातात. आपल्याकडची उसातली हुमणी डोळ्यांसमोर आणा, त्याच गोतावळ्यातली ही कीड. १९२९ मध्ये रुडॉल्फ ग्लेसर आणि हेन्री फॉक्स यांना न्यू जर्सीतल्या एका गोल्फच्या मैदानावर या अळ्या मेलेल्या सापडल्या, आणि त्यांच्या आत बारीक सूत्रकृमी. ग्लेसरनी ते प्रयोगशाळेत कृत्रिम अन्नावर वाढवले आणि शेतात सोडूनही पाहिले. कीड नियंत्रणासाठी असा सूत्रकृमी वापरण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी हा एक.

यात एक गंमत आहे. सूत्रकृमीसोबत एक जिवाणू असतो आणि मारण्याचं बरंचसं काम तोच करतो, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. ग्लेसरच्या दृष्टीनं जिवाणू म्हणजे कल्चर खराब करणारी घाण. १९४० मध्ये तर त्यांनी हा सूत्रकृमी पूर्ण जिवाणूविरहित वाढवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तांत्रिकदृष्ट्या काम उत्तम, पण ज्याला कचरा समजून बाहेर काढलं तोच खरा गडी निघाला. आपल्या प्लेटवर येणाऱ्या ‘कंटॅमिनेशन’कडे बघताना मला हे हमखास आठवतं.

डेन्मार्कच्या बोवियन यांनी १९३७ मध्ये अशा सूत्रकृमीच्या आतड्यात जिवाणू असावेत अशी शंका मांडली होती. ठोस काम झालं ते १९६५-६६ मध्ये. जॉर्ज पॉइनर आणि थॉमस यांनी सूत्रकृमीसोबतचा जिवाणू वेगळा केला, त्याला नाव दिलं आणि सूत्रकृमीच्या वाढीसाठी तो किती गरजेचा आहे ते दाखवलं. पुढे १९७९ मध्ये या जिवाणूंसाठी झेनोरॅब्डस ही प्रजाती मांडली गेली. त्यातले चमकणारे जिवाणू १९९३ मध्ये वेगळे काढून त्यांचं नाव फोटोरॅब्डस ठेवलं.

या जोडीचा संसार असा चालतो. सूत्रकृमीचं पिल्लू तोंडातून, गुदद्वारातून किंवा श्वासरंध्रातून अळीत शिरतं आणि रक्तात पोचून आपल्या पोटातले जिवाणू बाहेर सोडतं. साधारण एक-दोन दिवसांत अळी मरते. जिवाणू तिच्या शरीरावर वाढतात, सूत्रकृमी त्या रश्श्यावर वाढतात, आणि शेवटी नवी पिल्लं जिवाणूंची शिदोरी घेऊन बाहेर पडतात.

मग प्रश्न असा उरतो की अळीकडे तीन-तीन हत्यारं असताना, सुरुवातीला आत आलेले मोजके जिवाणू जगतातच कसे?

स्टॉकहोममधले झोपलेले कोष

उत्तराची सुरुवात झाली स्वीडनमध्ये. हान्स बोमान यांचा गट सिक्रोपिया नावाच्या मोठ्या रेशमी पतंगाच्या कोषांवर काम करत होता. कोषच का? कारण सुप्तावस्थेतला कोष जवळजवळ काहीच करत नाही, प्रथिनं बनवणंही अगदी कमी. अशा कोषात जिवाणू टोचले की जी नवी प्रथिनं दिसतात, ती बहुतेक संसर्गामुळे बनलेलीच असतात. गोंगाट नसलेल्या खोलीत कुजबुजही ऐकू येते, तसं. नमुना-प्राणी निवडताना ‘सगळे वापरतात म्हणून’ यापेक्षा चांगलं कारण कसं असतं, त्याचं हे सुंदर उदाहरण आहे.

यातूनच १९८१ मध्ये सिक्रोपिन या जिवाणूनाशक प्रथिनांची रचना ‘नेचर’मध्ये आली. पण आपल्या कथेत महत्त्वाचं आहे ते थोडं आधीचं काम. १९७६ मध्ये एडलुंड, सिडेन आणि बोमान यांनी दाखवलं की बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे आपल्या ओळखीचा बीटी, असे पदार्थ सोडतो जे कोषाच्या रक्ताची जिवाणू मारण्याची ताकद निष्प्रभ करतात. त्यातल्या एकाला त्यांनी ‘इनहिबिटर ए’ म्हटलं. पुढे १९८४ मध्ये डालहामार आणि स्टाइनर यांनी स्पष्ट केलं की हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम आहे आणि ते सिक्रोपिन व अटॅसिन या दोन्ही संरक्षक प्रथिनांचे तुकडे करतं.

बीटी म्हटलं की आपल्याला कापसातलं क्राय प्रथिन आठवतं. ते अळीच्या आतड्याला भोकं पाडतं. आतडं फाटल्यावर रक्तात पोचलेल्या जिवाणूला तिथंही टिकायचं असतं, ही बाजू मात्र पाठ्यपुस्तकात क्वचितच येते.

१९८१ मध्येच गोट्झ आणि बोमान दांपत्यानं सूत्रकृमी-जिवाणू जोडीवर पेपर लिहिला. माझ्या मते या विषयात येणाऱ्या प्रत्येकानं तो वाचावा. त्यांनी सूत्रकृमी आणि जिवाणू वेगवेगळे करून तपासले. जिवाणूविरहित सूत्रकृमीसुद्धा असा पदार्थ सोडतो जो सिक्रोपिनचा नाश करतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे ‘सूत्रकृमी ही नुसती रिक्षा आणि जिवाणू हा खरा मारेकरी’ हे सोपं चित्र अपुरं ठरलं. रिक्षावालाही लढाईत आहे.

तरी एक उणीव राहतेच. परीक्षानळीत एन्झाइमनं प्रथिन तोडलं, यावरून जिवाणूची कुवत कळते. जिवंत अळीत तेच घडतं आणि त्यामुळेच अळी हरते, हे त्यावरून सिद्ध होत नाही. माझ्या वाक्यातली चूक तर याच्याही मागची होती. माझ्याकडे परीक्षानळीतला पुरावासुद्धा नव्हता.

जिवंत, मेलेला आणि टँकरचं पाणी

पुढचं पाऊल समजायला थोडं रसायनशास्त्र लागेल. डेव्हिड स्टॅनली आणि सहकाऱ्यांनी तंबाखूवरच्या शिंगाळ्या अळीवर काम करून दाखवलं की कीटकाच्या पेशींना ‘एकत्र या, गाठ बांधा’ हा निरोप आयकोसॅनॉइड नावाच्या रेणूंमार्फत जातो. आपल्या शरीरात सूज आणणारी प्रोस्टाग्लँडिन्स याच कुळातली. हे रेणू बनतात ॲराकिडॉनिक आम्लापासून, आणि ते आम्ल पेशीच्या आवरणातून सुटं करण्याचं काम फॉस्फोलायपेज ए-२ हे एन्झाइम करतं.

दक्षिण कोरियातले योंगग्यू किम यांचा गट झेनोरॅब्डसवर काम करत होता. त्यांनी आणि पुढे स्टॅनलींसोबत मिळून केलेल्या प्रयोगांत उष्णतेनं मारलेले जिवाणू अळीत टोचले तर भरपूर गाठी दिसल्या. तेच जिवाणू जिवंत टोचले तर गाठी फार कमी. म्हणजे जिवंत जिवाणू काहीतरी ‘करतो’ आहे.

इथं थांबून विचार करा. एवढ्यावर ‘दबली’ म्हणता येईल का? एखादा परीक्षक म्हणेल, जिवंत जिवाणू वाढतो, पेशींना थेट मारतो, म्हणून गाठी कमी. दाबण्याचा प्रश्नच कुठं आला? आक्षेप रास्त आहे.

म्हणून २००० सालचा पार्क आणि किम यांचा प्रयोग मला इतका आवडतो. त्यांनी बीट आर्मीवर्म या लष्करी अळीत जिवंत झेनोरॅब्डससोबत ॲराकिडॉनिक आम्लही टोचलं. गाठी वाढल्या आणि मरणाऱ्या अळ्यांचं प्रमाण कमी झालं. उलट फॉस्फोलायपेज अडवणारं डेक्सामेथासोन दिलं तर अळ्यांची अवस्था आणखी बिघडली.

यामागचं तर्कशास्त्र आपल्याकडच्या पाटाच्या पाण्यासारखं आहे. शेतात पाणी येत नाहीये. कारण दोन असू शकतात : वरचं दार कुणी बंद केलंय, किंवा जमीनच खारवून गेलीय. खाली टँकरनं पाणी सोडून बघा. पीक तरारलं तर जमीन ठीक आहे, दारच बंद होतं. ॲराकिडॉनिक आम्ल हा तो टँकर. अळीच्या पेशी मेलेल्याच असत्या तर आम्ल देऊन गाठी वाढल्या नसत्या. पेशी शाबूत होत्या, त्यांना निरोप मिळत नव्हता. जिवाणूनं दार बंद केलं होतं. नंतरच्या कामात झेनोरॅब्डस हे एन्झाइम अडवतो हे थेट मोजलं गेलं आणि अडवणारे काही छोटे रेणूही ओळखले गेले.

संशोधनाच्या भाषेत याला रेस्क्यू प्रयोग म्हणतात. जे बिघडलं ते नेमक्या एका जागी दुरुस्त करून दाखवलं की बिघाड तिथंच होता यावर विश्वास बसतो.

पण सगळा खेळ एकाच दारावर चालतो असंही समजू नका. फोटोरॅब्डसमध्ये २००२ साली एमसीएफ नावाचं विष सापडलं. ते रक्तपेशी आणि आतड्याच्या पेशींना आत्मनाशाकडे ढकलतं, अळी अक्षरशः लुळी पडते. त्याचं एकच जनुक साध्या ई. कोलायमध्ये घातलं तर एरवी निरुपद्रवी असलेला तो जिवाणूही अळीत टिकतो आणि तिला मारतो. म्हणजे इथं जमीनही खारवणारा गडी आहे. दाबणं आणि मारणं दोन्ही एकाच वेळी चालू असतं, आणि म्हणूनच दोन्ही वेगळं करून दाखवणं अवघड जातं.

२००७ : एका रेणूचा पूर्ण पुरावा

इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात इओआनिस एलेफ्थेरियानोस आणि सहकारी फोटोरॅब्डसवर काम करत होते. २००६ मध्ये त्यांनी एक साधी पण बोलकी गोष्ट दाखवली. शिंगाळ्या अळीला आधी निरुपद्रवी ई. कोलाय टोचला आणि नंतर फोटोरॅब्डस, तर अळी जास्त तग धरते. हत्यारं आधीच परजलेली असली की जिवाणूला जड जातं. म्हणजे बऱ्याच अंशी ही वेळेची शर्यत आहे. अळीची प्रथिनं तयार व्हायला तास लागतात आणि जिवाणूला तेवढ्या वेळात डाव साधायचा असतो.

२००७ मध्ये त्यांचा फिनॉलऑक्सिडेजवरचा पेपर आला. फोटोरॅब्डस एक छोटा स्टिल्बीन रेणू बनवतो. तो प्रतिजैविक आहे हे आधीपासून माहीत होतं. या गटानं दाखवलं की तोच रेणू अळीचं फिनॉलऑक्सिडेजही अडवतो. आता पुराव्याची साखळी बघा.

१. स्टिल्बीनसाठी लागणारं एसटीएलए हे जनुक बंद केलं. रेणू बनेना, एन्झाइम अडेना.

२. हा म्यूटंट जिवाणू अळीत हळू वाढला, कमी घातक ठरला, आणि काळ्या गाठी जास्त झाल्या.

३. जनुक परत घातलं, किंवा त्या जनुकामुळे बनणारं सिनॅमिक आम्ल बाहेरून दिलं, तर रेणू पुन्हा बनू लागला. सिनॅमिक आम्लानं घातकताही परत आली.

४. अळीमध्ये आरएनए इंटरफेरन्सनं फिनॉलऑक्सिडेजच कमी केलं. आता म्यूटंट आणि मूळ जिवाणू यांच्या घातकतेतला फरक नाहीसा झाला.

चौथी पायरी पुन्हा वाचा. स्टिल्बीन दुसऱ्याच कुठल्या मार्गानं अळीला मारत असता, तर फिनॉलऑक्सिडेज काढल्यावरही मूळ जिवाणू जास्त घातक राहिला असता. तसं झालं नाही. जे कुलूप उघडायला किल्ली होती ते कुलूपच काढलं, आणि किल्ली असणं-नसणं सारखंच झालं. मॅडमच्या ‘दबली हे कुठं दिसतंय?’ याचं मला सापडलेलं सगळ्यात स्वच्छ उत्तर हेच.

आणि हा रेणू एवढ्यावर थांबत नाही. अळी मेल्यावर इतर जिवाणू येऊ नयेत म्हणून तो प्रतिजैविकाचं काम करतो. सूत्रकृमीच्या वाढीलाही तो लागतो. पुढे याच रेणूपासून टॅपिनारोफ हे मलम झालं. सोरायसिससाठी त्याला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. अळीची प्रतिकारशक्ती दाबणारा रेणू माणसाच्या त्वचेवरचा दाह शमवायला कामाला आला, अर्थात त्याचा तिथला मार्ग वेगळा आहे.

आपल्या शेताशी याचा संबंध

माझं गाव सांगली जिल्ह्यात, ऊसपट्ट्यात. वळवाचा पाऊस पडला की संध्याकाळी बाभळी-कडुनिंबावर भुंगेरे गोळा होतात आणि लोक फांद्या हलवून ते गोळा करून मारतात. जे सुटतात त्यांची अंडी जमिनीत, आणि मग हुमणी. ती मुळाशी असल्यानं वरून मारलेलं औषध तिथवर नीट पोचत नाही. सूत्रकृमी मात्र जमिनीत स्वतः चालत जातो. हेटेरोरॅब्डायटिस इंडिका ही जात १९९२ मध्ये भारतातूनच, कोईमतूरच्या ऊस भागातून, वर्णन झाली. तिच्या पोटातला जिवाणू फोटोरॅब्डसच. बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोनं तिची हुमणीसाठी वापरता येईल अशी पावडरही विकसित केली आहे.

मग प्रतिकारशक्तीचा हा सगळा तपशील शेतकऱ्याला कशाला? कारण हुमणी म्हणजे मेणपतंगाची अळी नव्हे. प्रयोगशाळेत एका अळीवर पटकन चालणारा जिवाणू दुसऱ्या किडीवर अडखळू शकतो. तो नेमका कुठल्या हत्यारापुढे अडखळला हे कळलं, तर योग्य वाण निवडता येतो. नुसत्या ‘मेली’च्या टक्केवारीवरून ते कळत नाही.

जाता जाता

मी माझे प्रयोग पुन्हा आखले. आता प्रत्येक संचात मारलेल्या जिवाणूंचा कंट्रोल असतो. गाठी सुरुवातीच्या तासांतच मोजतो, कारण नंतर जिवाणूंची संख्याच सगळं चित्र बिघडवते. रेस्क्यूचा प्रयोग सुरू आहे. पहिल्या दोन खेपा फसल्या, ॲराकिडॉनिक आम्ल नीट साठवलं नव्हतं. ते वाक्य अजून रिपोर्टमध्ये परत आलेलं नाही. सध्या तिथं एवढंच लिहिलंय : ‘अळी मेली, गाठी कमी दिसल्या, कारण तपासत आहे.’

तुमच्या सिनॉप्सिसमध्येही ‘मुळे’ किंवा ‘म्हणून’ असलेलं एक वाक्य शोधा आणि त्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढा. तो ‘मुळे’ तुम्ही कुठल्या प्रयोगानं दाखवणार, हे एका ओळीत लिहिता आलं तर प्रवेशाच्या मुलाखतीत तुम्हाला फार घाबरायचं कारण नाही. नाही लिहिता आलं तर तेही बरंच झालं. प्रयोग करण्याआधीच कळलं. मला मात्र ते कळायला तीस अळ्या आणि एक खोडून टाकलेलं वाक्य लागलं.